समर स्विम लीगचे शनिवार, सोमवारच्या बी मीट्स आणि भारताची तिकिटं (नॉर्दर्न व्हर्जिनिया)

निळाई
नमस्कार मंडळी. इथे नॉर्दर्न व्हर्जिनियात आणि आसपास राहणारे बरेच जण आहात म्हणून विचारतेय. लेक आठ वर्षांची, मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आमच्या नेबरहुड पूलच्या टीममध्ये पोहली, तिला भयंकर आवडलंय आणि यंदाही करायचंच म्हणतेय. आता टीम रेपचं (टीमच्या प्रतिनिधीचं) ईमेल आलंय की रजिस्ट्रेशन सुरू, आणि घरात चर्चा एकच की मग भारतात कधी जायचं. सासूबाई दर फोनला विचारतात. नवऱ्याचं म्हणणं शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं, जसं आम्ही आधी करायचो, पण तसं केलं तर सगळा सीझनच गेला.

दुसरं म्हणजे हे शेड्यूल नक्की ठरवतं कोण? मागच्या वर्षी आम्हाला पाचातल्या तीन मीट्स (दुसऱ्या टीमशी होणाऱ्या स्पर्धा) बाहेर होत्या, त्यातल्या दोन लागोपाठ, आणि शेजारच्या पूलला तीन घरच्या. आणि सोमवारची बी मीट तर साडेनऊ वाजले तरी चालूच, लेकीची शेवटची रेस येईपर्यंत ती टॉवेलमध्ये गुंडाळून खुर्चीत झोपलेली होती. उठवून ब्लॉकवर (उडी मारायच्या चौथऱ्यावर) उभी केली. हे असंच असतं का सगळीकडे? काय करता तुम्ही लोक?

तिसरीलेन
निळाई, स्वागत. आमची दोन्ही मुलं याच लीगमध्ये वाढली, मी बरीच वर्षं क्लर्क ऑफ कोर्स (मुलांना बेंचवर रेसच्या क्रमाने लावणं) आणि टेबल (निकालांची नोंद) दोन्ही करतेय, तर आधी सगळा आराखडा सांगते म्हणजे तिकिटांचं आपोआप सुटेल.

एनव्हीएसएल, म्हणजे आपली नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग, १९५६ पासून आहे, शंभरावर पूल आहेत त्यात. सगळ्या टीम्सच्या वेगानुसार डिव्हिजन पाडतात, एका डिव्हिजनमध्ये सहा टीम. म्हणजे तुमच्या टीमला बाकीच्या पाच जणांशी प्रत्येकी एकदा पोहायचं, म्हणून पाच शनिवार. पहिला शनिवार जूनच्या मध्याला, शाळा सुटली रे सुटली की. मग सहावा शनिवार डिव्हिजनल्सचा, तिथे सहाही टीम एकाच पूलवर आणि प्रत्येक टीमचे एका इव्हेंटला दोनच. आणि त्याच्या पुढचा शनिवार ऑल-स्टार्स, जुलैच्या शेवटाला. मधे एका बुधवारी रिले कार्निव्हल. चार जुलैच्या आसपासचा शनिवार सुटत नाही हे लक्षात ठेवा, दरवर्षी कोणीतरी लाँग वीकेंड समजून बीचचं घर बुक करतं आणि मग त्या शनिवारी रिलेला माणूस कमी.

शनिवारची ती ए मीट, सकाळी नऊला सुरू. एका इव्हेंटला टीममागे तीनच जण, सहा लेन, तीन आपले तीन त्यांचे. पाच वयोगट, चार स्ट्रोक, मुलगे-मुली वेगळे, झाले चाळीस इव्हेंट, वर बारा रिले. एका मुलाला दोनच वैयक्तिक इव्हेंट. हे सगळं मोजूनमापून आहे म्हणून दुपारच्या आत संपतं. सोमवारची बी मीट मात्र सगळ्यांसाठी, जो ए मीटला नव्हता तो इथे पोहणार, हीट (एका वेळी पोहणारा गट) कितीही. तिथेच वेळ हाताबाहेर जातो. त्यावर वेगळं लिहायला हवं, इथले स्टॉपवॉच लिहितील बहुतेक, त्यांचा तो जिव्हाळ्याचा विषय आहे.

वय १ जूनला मोजतात. तुमच्या लेकीचा वाढदिवस जूनमधे असेल तर नऊची झाली तरी पूर्ण सीझन एट अँड अंडरमधेच (आठ आणि त्याखालचा गट). मेमधे असेल तर नऊ-दहाच्या गटात जाईल आणि तिथे पन्नास मीटर पोहावं लागतं, फक्त बटरफ्लाय पंचवीसच. हा फरक मोठा आहे लहान मुलांना, आधीच बघून ठेवा.

पोटोमॅकपार
आम्ही नदीच्या पलीकडे, मॉन्टगोमेरी काउंटीत. आमची लीग वेगळी पण सांगाडा तोच, सहाच्या डिव्हिजन, शनिवारी सकाळी ए मीट आणि आठवड्यात एका संध्याकाळी बी. केटी लेडेकी इथल्याच, पॅलिसेड्सच्या समर टीममधून सुरुवात केली तिने, सहा वर्षांची असताना. मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात. पण खरं सांगू का, आमच्या टीमवरच्या बहुतेक मुलांना ऑलिंपिकशी घेणंदेणं नाही, त्यांना रिबन, शेजारची मैत्रीण आणि मीटनंतरचं पॅनकेक एवढंच हवं असतं आणि ते पुरेसं आहे.

सहाचा_पाढा
घरच्या-बाहेरच्या मीट्सबद्दल लिहितो कारण यात दरवर्षी लोक टीम रेपवर चिडतात आणि त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं. हे गणित आहे आणि फार सुंदर गणित आहे.

सहा टीम, प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा, म्हणजे पंधरा मीट्स, पाच शनिवारी तीन-तीन. प्रत्येक मीटला एक पूल यजमान, म्हणजे एकूण पंधरा घरच्या मीट्स सहा टीमना वाटायच्या. पंधरा भागिले सहा अडीच. अडीच घरच्या मीट्स कोणालाच देता येत नाहीत, म्हणून तीन टीमना तीन आणि तीन टीमना दोन. निळाई, तुमची टीम त्या दुसऱ्या तिघांत होती. कोणीतरी असणारच होतं.

आता लागोपाठ दोन बाहेर का? समजा आपण हट्ट धरला की प्रत्येकाला आलटूनपालटूनच मिळालं पाहिजे, घरी-बाहेर-घरी-बाहेर-घरी. असे क्रम दोनच आहेत, एक घरीपासून सुरू होणारा आणि एक बाहेरपासून. आता बघा, दोन टीमचा क्रम अगदी सारखा असेल तर त्या दोघी दर शनिवारी एकदमच घरी किंवा एकदमच बाहेर. मग त्यांची एकमेकींशी मीट कधी होणार? कधीच नाही, कारण मीटला एक घरी आणि एक बाहेर लागते. म्हणून सहाही टीमचे क्रम वेगवेगळेच हवेत. अचूक आलटूनपालटून फक्त दोघींना मिळतं, उरलेल्या चौघींना कुठेतरी लागोपाठ दोन घरी किंवा लागोपाठ दोन बाहेर येणारच. कुठल्याही सॉफ्टवेअरने, कुठल्याही समितीने यातून सुटका नाही.

कागदावर करून बघायचं असेल तर सहा नंबर एका जागी ठेवा, एक ते पाच गोलात मांडा. पहिल्या शनिवारी सहाची गाठ एकशी, आणि एकच्या दोन्ही बाजूंचे शेजारी एकमेकांशी, म्हणजे पाच-दोन आणि चार-तीन. पुढच्या शनिवारी गोल एक घर सरकवा, सहाची गाठ दोनशी, एक-तीन, पाच-चार. असं पाच वेळा केलं की सगळ्यांच्या गाठी होतात, एकही जोडी राहत नाही की दोनदा येत नाही. माझ्या मुलीला हे मी जेवणाच्या टेबलावर वाटाण्यांनी करून दाखवलं होतं, तिने नंतर शाळेत बुद्धिबळ क्लबचं वेळापत्रक असंच लावून दिलं.

लागोपाठ तीन बाहेर मात्र टाळता येतं. तसं आलं तर मग कारण दुसरं असतं, कुठल्यातरी पूलचं काम चाललंय, किंवा पार्किंगवरून आसपासच्या घरांशी ठरलेलं काही आहे, वगैरे. तेव्हा जरूर विचारा.

निळाई
बापरे, सहाचा_पाढा, तुमचं पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवलं, तो आता वाटाणे घेऊन बसलाय. मनापासून धन्यवाद, टीम रेपला मी मागच्या वर्षी जरा लागेल असं विचारलं नाही हे बरंच झालं. पण मग दरवर्षी उलटापालट का करत नाहीत, म्हणजे ज्यांना गेल्या वर्षी दोन मिळाल्या त्यांना यंदा तीन?

सहाचा_पाढा
कारण डिव्हिजनच बदलतात. आधीच्या सीझनच्या कामगिरीवरून सीडिंग (टीम्सची क्रमवारी) होतं, एखादी टीम वर जाते एखादी खाली, मग सहा जणांचा गट तोच राहत नाही. गट तोच असता तर आरसा धरल्यासारखं उलटं करता आलं असतं.

ह्यूस्टनकर
आमच्या टेक्सासमधे हा भारताचा प्रश्न जवळपास नाहीच. शाळा मेअखेर सुटतात, समर लीगची प्रॅक्टिस शाळा चालू असतानाच संध्याकाळी सुरू होते, मेमधेच मीट्स चालू आणि जून संपता संपता सीझन खलास. जुलैत इथे दुपारी बाहेर उभं राहवत नाही आणि पूलचं पाणी कोमट होतं. मग जुलैभर भारत. पण त्याची किंमत अशी की मे महिन्यात मुलांच्या शाळेच्या परीक्षा, वर्षअखेरचे कार्यक्रम आणि प्रॅक्टिस सगळं एकावर एक येतं, बुधवारी रात्री पाठांतर करत मूल जेवणाच्या ताटावर डुलक्या घेतं. तुमच्याकडे शाळा जूनच्या मध्यापर्यंत चालते म्हणून तुमचं सगळं पुढे सरकतं, बाकी काही नाही.

ॲशबर्नची_मावशी
आम्ही लाउडन काउंटीत, आमची लीग ओल्ड डोमिनियन. प्रश्न तोच.

तिकिटांचं माझं स्पष्ट मत आहे. शाळा सुटल्या सुटल्या जाऊ नका. एकतर तेव्हा सगळा गाव निघालेला असतो, डलेस विमानतळाहून भाडं सगळ्यात जास्त तेव्हाच. आणि मुलाचं म्हणाल तर मेमोरियल डेला (मेअखेरच्या सुट्टीला) पूल उघडल्यापासून तीन आठवडे ते गार पाण्यात कुडकुडत प्रॅक्टिस करणार, दात वाजताहेत, ओठ निळे, आणि पहिल्या मीटच्या आदल्या दिवशी आपण त्याला घेऊन उडणार. हे मुलावर अन्याय आहे असं मला वाटतं. सगळी मेहनत त्याची आणि मजा दुसऱ्यांची.

डिव्हिजनल्स झाल्या की निघायचं. ऑल-स्टार्सला जाणारं मूल असेल तर आणखी एक आठवडा थांबायचं. फेअरफॅक्सच्या शाळा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उघडतात, आमच्याही त्याच सुमारास, म्हणजे साधारण तीन ते चार आठवडे हातात मिळतात. पाऊस असतो, मान्य. आंबे संपलेले असतात, मान्य. गणपती तर कधीच मिळत नाही कारण तोवर शाळा सुरू झालेली असते. पण श्रावणाचा थोडा भाग बहुतेक वर्षी पदरात पडतो, नागपंचमीला माझ्या आईकडे पुरणाची दिंडं असतात आणि माझी मुलं आता त्यासाठी थांबतात. सासूबाईंना हे समजावून सांगा, की जूनमधे नाही पण श्रावणात येतोय. त्यांना नात येतेय हे महत्त्वाचं.

वाटसरू
मी थोडा विरोधी सूर लावतो. सगळ्यांना जुलैअखेर जमत नाही. आमच्याकडे सुट्टी ऑफिसच्या क्लायंटवर, माझ्या भावाचं लग्न जूनच्या शेवटी होतं, आम्ही गेलो आणि मुलगा तीन मीट्स चुकला. काही बिघडलं नाही. समर लीग आहे ही, वर्षभराचा क्लब नव्हे. २०२४ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला जूनच्या शेवटच्या वीकेंडला होतं, आमच्या नाटकात लेकाचं काम होतं, त्या शनिवारीही नव्हता तो. कोचने एवढंच विचारलं की आधी कळवाल ना. कळवलं. बस.

मुलाला दोन्ही मिळू द्या, आजीआजोबाही आणि पूलही. कुठल्यातरी एका गोष्टीला शंभर टक्के हजेरी हवीच असं मुलाच्या डोक्यात घालू नका.

तिसरीलेन
वाटसरू, अगदी बरोबर, आणि तुम्ही कळवलंत हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून त्यावर दोन ओळी जास्त लिहिते.

बहुतेक टीम्स स्विमटोपिया (टीमचं ऑनलाइन ॲप) वापरतात, त्यात प्रत्येक मीटपुढे येणार की नाही ते भरायचं असतं. लोक ते भरत नाहीत. कोच आठवड्याच्या मधे लाइनअप लावायला बसते, एका इव्हेंटला तीन जागा, कोण येणार माहीत नाही, मग ती अंदाजाने नाव घालते. शनिवारी सकाळी वॉर्मअपला कळतं की मूल नाही. ती लेन रिकामी जाते. आणि चौथ्या नंबरचं मूल, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा ए मीटला पोहायला मिळालं असतं, ते घरी झोपलेलं असतं कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. रिलेचं तर चौघांचंच जातं. तेव्हा भारतात जायचं असेल तर खुशाल जा पण तिकीट काढलं त्या दिवशी सगळ्या तारखांपुढे 'नाही' भरा.

दुसरं, ऑल-स्टार्ससाठीची वेळ डिव्हिजनल्समधेच लावावी लागते, आधीच्या पाच शनिवारी कितीही चांगली पोहली तरी ती वेळ चालत नाही. म्हणून एकच शनिवार वाचवायचा असेल आणि मूल वेगवान असेल तर तो डिव्हिजनल्सचा वाचवा. निळाईच्या लेकीला मात्र अजून या भानगडीत पडायची गरज नाही, तिचे सोमवार जास्त महत्त्वाचे.

स्टॉपवॉच
सोमवारचं लिहितो. उशीर झाला, कामाच्या गडबडीत होतो.

तिसरीलेनने म्हटल्याप्रमाणे हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि मी त्यावर टीमच्या प्रत्येक बैठकीत बोलतो. टीमवरची निम्म्याहून जास्त मुलं ए मीटला पोहत नाहीत. त्यांची लीग म्हणजे सोमवार. ज्या मुलाला बॅकस्ट्रोकमधे सरळ जाता येत नाही, जे मूल दोरीला धरधरून पंचवीस मीटर पार करतं आणि बाहेर आल्यावर आईकडे बघतं, ते मूल सोमवारी पोहतं. आणि आपण सगळी शिस्त, सगळे अनुभवी ऑफिशियल, सगळं नियोजन शनिवारला देतो आणि सोमवारला जे होईल ते होईल. मला हे पटत नाही.

हिशेब मांडतो. समजा दोन्ही टीमची मिळून १६० मुलं आली आणि प्रत्येकाला तीन रेस दिल्या. ४८० वेळा कोणीतरी पोहणार. सहा लेन भागिले, भरलेल्या हीट झाल्या ८०. पण हीट भरलेल्या नसतात, कारण चाळीस इव्हेंट वेगवेगळे चालवले तर प्रत्येकाची शेवटची हीट अर्धीमुर्धी, एकात दोन मुलं, एकात एकच. म्हणजे शंभराच्या आसपास हीट. एका हीटला दोन मिनिटं, कारण लहान मूल ब्लॉकवर चढणार, गॉगल नीट करणार, स्टार्टर थांबणार. दोनशे मिनिटं. सहाला सुरू केलं तर नऊ वाजून वीस मिनिटं, आणि यात ढगांचा गडगडाट धरलेला नाही. जूनअखेर सूर्य साडेआठनंतर मावळतो, काही पूलना पुरेसे दिवेही नाहीत.

आता हेच दुसऱ्या पद्धतीने. प्रत्येकाला दोन रेस, ३२० वेळा पोहणं, भरलेल्या ५४ हीट. मुलगे-मुली एकाच हीटमधे घ्या, निकाल वेगळे लावा, वीसच इव्हेंट उरतात आणि रिकाम्या लेन कमी होतात, साठ-पासष्ट हीट. पंचवीस मीटरवाले पलीकडच्या टोकाला बाहेर पडतात, त्यामुळे ते चढत असतानाच इकडे पुढची हीट उभी करता येते. मोठ्या मुलांना, तेरा-चौदा आणि वर, रेस संपल्यावर भिंतीला धरून पाण्यातच थांबायला सांगायचं, पुढची हीट त्यांच्यावरून उडी मारते, मग ते बाजूने बाहेर. हे लहानांसाठी अजिबात करायचं नाही. सरासरी दीड मिनिट धरलं तरी शंभर मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. आठ वाजायच्या आत.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शनिवारचा क्रम स्ट्रोकप्रमाणे असतो, सगळ्यांची फ्रीस्टाइल, मग सगळ्यांची बॅकस्ट्रोक, असं. तो ए मीटचा ठरलेला क्रम आहे, त्याला हात लावायचा नाही. पण तोच क्रम सोमवारी वापरला की आठ वर्षांचं मूल सव्वासहाला एकदा पोहतं आणि नंतर थेट आठला. मधे ते काय करणार? चिप्स खाणार, पत्ते खेळणार, गारठणार. त्याऐवजी वयाप्रमाणे चालवा. एट अँड अंडरचे चारही स्ट्रोक आधी, लागोपाठ. सातच्या आत ती सगळी मुलं मोकळी, घरी जाऊन जेवून वेळेत झोपतील. मीटचं घड्याळ तिथल्या सगळ्यात लहान मुलाच्या झोपेवर लावायला हवं, बाकीचे जुळवून घेऊ शकतात.

पोटोमॅकपार
+१. मुलगे-मुली एकत्र हीट आमच्याकडे बी मीटला करतात. कोणाचीही तक्रार नाही.

ऑक्टनचा_बाबा
स्टॉपवॉच, हिशेब मान्य पण लहानांना आधी पोहवून घरी पाठवायला माझा विरोध आहे. आमच्या टीमवर प्रत्येक लहान मुलाला एक मोठा बडी दिलेला असतो. पंधरा-सोळाची मुलं या चिल्ल्यापिल्ल्यांच्या दंडावर मार्करने इव्हेंट, हीट, लेन लिहून देतात, त्यांना बेंचवर नेऊन बसवतात, लेनच्या टोकाशी उभं राहून ओरडतात. मग मोठ्यांची वेळ आली की लहान मुलं ओरडायला थांबतात. माझ्या लेकाने बटरफ्लायची डॉल्फिन किक कोचकडून कमी आणि बडीला बघून जास्त शिकली. सातला सगळी लहान मुलं निघून गेली तर हे सगळं गेलं.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर टायमर (लेनवर घड्याळ धरणारे) कुठून आणणार? आमच्याकडे सोमवारी बहुतेक टायमर लहान मुलांचेच आईबाप असतात. ते निघाले की दुसऱ्या अर्ध्यात लेनवर माणूस नाही.

स्टॉपवॉच
टायमरचा मुद्दा खरा आहे, शंभर टक्के. त्यावर आम्ही शिफ्ट पाडली. पहिल्या अर्ध्याला मोठ्या मुलांचे आईबाप घड्याळ धरतात, कारण त्यांची मुलं तेव्हा पोहत नाहीत, आणि लहानांच्या पालकांना आपलं मूल मोकळेपणाने बघता येतं. दुसऱ्या अर्ध्याला उलटं, पण फक्त जे थांबू शकतात त्यांचं. शनिवारी एका लेनला तीन टायमर लागतात, सहा लेनचे अठरा, सोमवारी आम्ही लेनला दोनवर भागवतो. जमतं.

बडीचं तुमचं म्हणणं वाचून मात्र विचारात पडलो. कोणाला जायला भाग पाडायचं नाहीच, थांबायचं त्यांनी थांबावं. ज्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कामावर जायचंय, ज्यांच्याकडे कडेवर आणखी एक बाळ आहे, त्यांना निघता यावं इतकंच. आणि बडींच्या रेस तुमच्याकडे मीटच्या आधी असतात की नंतर?

ऑक्टनचा_बाबा
आधी. मोठी मुलं सहाच्या आधीच येतात. मग हे दोन्ही बसू शकतं, ठीक आहे. थांबणं ऐच्छिक असेल तर माझा विरोध मागे.

नातीची_आजी (पुणे)
मी इथे क्वचित लिहिते पण हा विषय वाचून राहवलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे आले होते, तेव्हा माझ्या नातीच्या दोन-तीन मीट पाहिल्या. आमच्या लहानपणी टिळक तलावावर उन्हाळ्याच्या बॅचेस असायच्या, एप्रिल-मेमधे, पाऊण तास की शिट्टी, बाहेर या, पुढची बॅच. पोहायला शिकलो ते तिथेच. पण रेस फक्त ज्यांना पुढे जायचं त्यांच्याच, बाकीचे शिकून घरी. इथे पाहिलं की जिला नीट पोहताही येत नाही त्या मुलीचं नाव छापील कागदावर आहे, तिची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहून ठेवलीय, आणि शेवटी आली तरी सगळा पूल तिच्यासाठी टाळ्या वाजवतोय. नातीने मला तो कागद दाखवला, आदल्या आठवड्यापेक्षा चार सेकंद कमी. ती कोणाच्या पुढे होती की मागे हे तिने मला सांगितलंच नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हा निळाई, सासूबाईंना जमत असेल तर त्यांनाच इकडे बोलवा ना जूनमधे. त्या सोमवारी पूलवर येऊन बसू देत. उन्हाचा त्रास नसतो संध्याकाळी, मी डब्यात दडपे पोहे नेले होते, नातीच्या मैत्रिणींनी संपवले. मग ऑगस्टमधे सगळे मिळून परत जा, त्यांनाही विमानात सोबत होईल.

निळाई
आजी, हे आम्हाला सुचलंच नव्हतं! त्यांचा व्हिसा आहे अजून. आज रात्रीच फोन करते.

तिसरीलेन
आजींच्या पोस्टला अनुमोदन.

आता मुद्द्याचं, बी मीट बदलायची असेल तर कधी आणि कोणाशी बोलायचं. सीझन सुरू झाल्यावर उपयोग नाही, तेव्हा टीम रेप पार बुडालेले असतात. एप्रिल-मेमधे बोला. डिव्हिजनमधल्या टीम्सचे रेप आपसात ठरवतात की बी मीटला किती रेस, क्रम कुठला. आमच्या डिव्हिजनमधे आम्ही असंच केलं, एका वेळी एकाच गोष्टीचा आग्रह धरला, पहिल्या वर्षी फक्त तीनाच्या दोन रेस, पुढच्या वर्षी मुलगे-मुली एकत्र. सगळं एकदम मागितलं की नाही म्हणणं सोपं होतं. आणि मागताना सोबत हात द्या, म्हणजे क्रम बदललात तर हीट शीट मी लावून देते, क्लर्कला मी बसते असं म्हणा. नुसती सूचना कोणालाच नको असते.

गडगडाटाचंही आधीच ठरवून घ्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं पाण्यात कोणी नाही, पुन्हा वाजला की पुन्हा तीस. जुलैच्या संध्याकाळी हे होतंच. आमचा नियम असा की साडेसातपर्यंत सुरू झालं नाही तर त्या दिवशी घरी. नाहीतर दोनशे माणसं गाड्यांमधे बसून राहतात आणि नऊला पहिली रेस होते.

ॲशबर्नची_मावशी
साडेसातचा नियम आमच्या रेपला आजच पाठवते. मागच्या जुलैत आम्ही पार्किंगमधे पाऊण तासावर बसलो होतो, मुलं मागच्या सीटवर ओल्या कपड्यात.

निळाई
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: तिकिटं डिव्हिजनल्सनंतरच्या मंगळवारची बघतोय, सासूबाईंना जूनमधे बोलवतोय, आणि टीम रेपला मी बी मीटचं ईमेल लिहिलंय, फक्त एकच मागणी, एट अँड अंडर आधी. सोबत लिहिलं की लहानांच्या बेंचवर मी बसेन. त्यांचं उत्तरही आलं, म्हणाल्या पुढच्या आठवड्यात बाकीच्या पाच रेप्सना विचारते.

शेवटचा प्रश्न, क्लर्कला बसायचं तर काही ट्रेनिंग लागतं का? आणि लहानांना सांभाळायला नक्की काय करायचं असतं?

तिसरीलेन
स्ट्रोक अँड टर्न जज (स्ट्रोक आणि वळणं तपासणारे), रेफरी, स्टार्टर यांना क्लिनिक आणि सर्टिफिकेशन लागतं, लहानांच्या बेंचला नाही. सहा-सहाच्या ओळी, एक ओळ एक हीट, पुढची ओळ पाण्याकडे गेली की सगळ्यांना एक बाक पुढे सरकवायचं. दंडावरचं लिहिलेलं आणि कागद जुळतोय का ते बघा, लेन एक आणि सातमधे मार्कर पुसट झाला की गोंधळ होतो, आणि लेन तर सहाच आहेत. वॉटरप्रूफ मार्कर न्या, दोन जास्तीचे गॉगल न्या, आणि ब्लॉकवर जायच्या आधी प्रत्येकाला बाथरूमचं विचारा. कोणी रडायला लागलं तर तिच्या बडीला हाक मारा, आईला नाही, आई आली की पोहणं संपलं.

स्टॉपवॉच
आणि निळाई, पहिल्या सोमवारी मीट किती वाजता सुरू झाली, शेवटचं एट अँड अंडर मूल किती वाजता पोहलं, आणि मीट किती वाजता संपली, या तीन वेळा कागदावर लिहून ठेवा. पुढच्या एप्रिलला बाकीच्या रेप्ससमोर तोच कागद ठेवायचा. इथेही टाका जूनमधे, मी आमच्या पूलच्या टाकतो.